नदीपासून पेट्रीडिशपर्यंत: जंतूंच्या प्रकल्पात या चुका टाळा

मार्च लागला की एमएस्सीच्या प्रकल्पांच्या तोंडी परीक्षा सुरू होतात आणि दरवर्षी एक विषय हमखास समोर येतो: अमुक नदीच्या पाण्यातले, प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू. विषय उत्तम. नदी पर्यावरणशास्त्राची, जिवाणू सूक्ष्मजीवशास्त्राचे, औषधं वैद्यकाची. पण दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, आणि हा तर तीन घरचा.

गेल्या वर्षी एका मुलीने प्लेटचा फोटो दाखवला. जंतू पसरलेल्या ९० मिमीच्या एकाच प्लेटवर सहा डिस्क, म्हणजे प्रतिजैविकात भिजवलेल्या कागदी चकत्या, दाटीवाटीने बसवलेल्या आणि एकीच्याही भोवती जंतू न वाढल्याचं स्वच्छ वर्तुळ नाही.

"मॅडम, सहाच्या सहा औषधांना रेझिस्टंट!"

"कंट्रोलची प्लेट? ज्याची वर्तुळं ठाऊक आहेत त्या जंतूची?"

"डिस्क संपल्या होत्या, मॅडम."

तिचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी बाकीच्या चुका.

बाटली भरताना

घाटाच्या पायरीवर बसून हाताला येईल ते पाणी भरणं ही पहिली चूक. काठाशी साचलेलं पाणी आणि वाहत्या धारेतलं पाणी एक नसतं. बाटलीचं तोंड प्रवाहाकडे करून, पृष्ठभागाच्या वीतभर खाली धरून भरा. काठोकाठ भरू नका, कारण प्रयोगशाळेत ती हलवायला वर जागा लागते. नळाचं पाणी घेणार असाल तर बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट हवं. नाहीतर पाण्यातलं क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतं आणि तुम्ही "पाणी शुद्ध आहे" असं लिहून मोकळे होता.

बर्फात ठेवून नमुना शक्यतो सहा तासांत प्लेटवर गेला पाहिजे. हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले. माझ्या पहिल्या प्रकल्पात शुक्रवारी संध्याकाळी नाल्यातून पाच बाटल्या भरल्या आणि सोमवारपर्यंत फ्रिजमध्ये ठेवल्या. थंडीत काही जंतू मरतात, काही मजेत वाढतात, म्हणजे सोमवारी मोजले ते जंतू नाल्याचे कमी आणि फ्रिजचे जास्त होते. त्यातून बाटल्यांवर मार्करने क्रमांक घातले होते. वर काढल्यावर नीट स्पिरिटने पुसल्या, तर क्रमांकही पुसले गेले! तेव्हापासून मी कागदी चिकटपट्टीवर शिसपेन्सिलने लिहिते, आणि तेही बाटलीवर, झाकणावर कधीच नाही. पेट्रीडिशचंही तसंच. नाव खालच्या डिशवर घाला, कारण झाकणं हमखास अदलाबदल होतात.

एक बाटली, दहा प्लेटी

प्रबंधात ही चूक सर्वांत जास्त दिसते आणि गाइडच्याही नजरेतून निसटते. पुलाच्या वर एक बाटली, पुलाच्या खाली एक बाटली, प्रत्येकीच्या दहा-दहा प्लेटी, आणि मग टी-टेस्ट (दोन सरासरींतला फरक तपासायची संख्याशास्त्रीय चाचणी) लावून "फरक लक्षणीय आहे". त्या दहा प्लेटींवरून तुमचा हात किती स्थिर आहे ते कळतं. नदीबद्दल त्या एकाच बाटलीइतकं सांगतात. शितावरून भाताची परीक्षा होते कारण भात एका पातेल्यात, एका आचेवर शिजलेला असतो. नदी तशी शिजत नाही. शंभर पावलांवर एखादा नाला मिळतो, दुपारी कुणीतरी टँकर धुतं, सकाळी गुरं पाण्यात उतरतात.

स्टुअर्ट हर्लबर्ट या परिस्थितिशास्त्रज्ञाने १९८४ साली या गफलतीला 'स्यूडोरेप्लिकेशन' (खोटी पुनरावृत्ती) असं नाव देऊन, पर्यावरणाच्या कितीतरी प्रसिद्ध अभ्यासांत ती असल्याचं दाखवून दिलं. उपाय कष्टाचा आहे, अवघड नाही. पुलाच्या वर पाच ठिकाणं, खाली पाच ठिकाणं, आणि जमलं तर हेच दोन वेगवेगळ्या महिन्यांत. प्लेटी कमी लावा, बाटल्या वाढवा.

चांगला नमुना-आराखडा कसा असतो ते पाहायचं तर २०११ सालचा दिल्लीतल्या पाण्याचा अभ्यास आठवा. एनडीएम-१ (यातलं 'एनडी' म्हणजे न्यू दिल्ली) हे जिवाणूंना प्रतिजैविकांपासून वाचवणारं जनुक शहराच्या पाण्यात आहे का, हा प्रश्न होता. साचलेल्या सांडपाण्याचे १७१ आणि नळाचे ५० नमुने घेतले, प्रत्येक जागेचा फोटो आणि नोंद ठेवली. सांडपाण्याच्या ५१ आणि नळाच्या २ नमुन्यांत जनुक सापडलं. या अभ्यासावर आपल्याकडे बराच गदारोळ झाला. जनुकाला दिल्लीचं नाव का, हा राग तर त्याआधीचाच. पण मला त्यात आवडते ती दुसरीच गोष्ट: वेल्समधल्या कार्डिफच्या सांडपाण्याचे ७० नमुनेही तुलनेसाठी घेतले होते, आणि त्यांतल्या एकातही ते जनुक मिळालं नाही. हे ७० रिकामे नमुने नसते, तर उरलेल्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

कोरी बाटली

निर्जंतुक पाण्याने भरलेली एक बाटली सोबत न्या. नदीवर तिचंही झाकण उघडा, बंद करा, बर्फात ठेवा, आणि बाकीच्या बाटल्यांबरोबर तिचीही प्लेट लावा. त्या प्लेटवर कॉलनी (जंतूंचे ठिपके) दिसल्या तर त्या तुमच्या हाताच्या, डब्याच्या किंवा ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, आहेत.

डीएनए काढून क्रम वाचणार असाल, तर ही कोरी बाटली अधिकच गरजेची. निर्जंतुक म्हणजे डीएनएरहित नव्हे. ऑटोक्लेव्हमध्ये जंतू मरतो, पण त्याच्या डीएनएचे तुकडे मागे उरू शकतात. जर्मनीत पोलिसांनी एका अज्ञात महिला गुन्हेगाराचा वर्षानुवर्षं शोध घेतला, कारण तिचा डीएनए खुनापासून घरफोडीपर्यंत कुठेही सापडायचा. २००९ साली उलगडा झाला: नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्या जिथे तयार होत, तिथल्या एका कामगार बाईचा तो डीएनए होता.

डीएनए काढायच्या किटमध्येही माती-पाण्यातल्या जिवाणूंचा डीएनए असतो, हे २०१४ साली एका साध्या प्रयोगाने पुढे आलं. साल्मोनेला या जिवाणूच्या एकाच जातीचं शुद्ध कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेले जंतू) घेऊन ते पातळ, अजून पातळ करत नेलं. जसजसं पातळ होत गेलं तसतसे साल्मोनेला कमी आणि किटमधलेच 'पाहुणे' जास्त दिसू लागले. त्याच वर्षी गर्भवेष्टनात, म्हणजे वारेत, स्वतःचे असे जिवाणू राहतात हा दावा खूप गाजला होता. पुढे २०१९ मध्ये केंब्रिजच्या गटाने ५३७ महिलांच्या वारा तपासल्या, तेव्हा जे दिसलं ते जवळजवळ सगळं प्रसूतीच्या वेळी लागलेलं किंवा रसायनांतून आलेलं निघालं. जिथे जंतू मुळातच कमी, तिथे किटचा आवाज मोठा ऐकू येतो.

"काहीच उगवलं नाही"

प्लेट रिकामी आहे म्हणून नमुन्यात काही नव्हतं, असं लिहू नका. आधी तीन गोष्टी तपासा: अगार (जंतू वाढवायची खाद्याची जेली) फार गरम असताना ओतलं का (४५ ते ५० अंशांच्या वर असेल तर जंतू भाजून निघतात), खाद्य त्या जंतूला चालणारं आहे का, आणि पुरेशी वाट पाहिली का.

वाट पाहण्यावरून पर्थची गोष्ट. रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल जठराच्या तुकड्यांतून वळणदार जंतू वाढवायला बघत होते, पण दोन दिवसांत काही दिसलं नाही की प्लेटी फेकल्या जात. १९८२ च्या ईस्टरची लांब सुट्टी आली, प्लेटी पाच दिवस इन्क्युबेटरमध्येच राहिल्या, आणि तो जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी, उगवला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. (म्हणून सुट्टीवर जाताना मुद्दाम प्लेटी विसरू नका. बहुतेक वेळा परत आल्यावर बुरशीच भेटते.)

खाद्याचं उदाहरण आपल्या बुलढाण्यातलं आहे. लोणारचं पाणी खारट आणि अल्कधर्मी, पीएच १० च्या आसपास. ते साध्या न्यूट्रिएंट अगारवर, पीएच ७ ला पसरलं, तर तिथले खरे रहिवासी उगवणारच नाहीत. उगवतील ते कडेच्या झऱ्यातून आलेले उपरे. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तो रंग मिठात राहणाऱ्या आर्कियांचा (जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्या सूक्ष्मजीवांचा) असल्याचं सांगितलं. असे जीव वाढवायचे तर त्यांना त्यांचं मीठ आणि त्यांचा पीएच द्यावा लागतो.

उलट चूक डरहॅम ट्यूबची. कोलिफॉर्मच्या (विष्ठेच्या प्रदूषणाची खूण मानल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या) चाचणीत उलट्या छोट्या नळीत वायूचा बुडबुडा दिसला की चाचणी होकारार्थी. पण ऑटोक्लेव्हमधून काढल्यावर नळीत आधीच हवा राहिली असेल तर? जंतू घालण्यापूर्वी प्रत्येक नळी उजेडाकडे धरून पाहा. पाचच मिनिटं लागतात.

डिस्कभोवतीचं वर्तुळ

या चाचणीत सगळ्या गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. म्युलर-हिंटन अगारचा थर ४ मिमी हवा, म्हणजे ९० मिमीच्या प्लेटमध्ये साधारण २५ मिलि. काटकसर करून पातळ ओतलं की वर्तुळं फुगतात, जाड ओतलं की आक्रसतात. टेबल तिरकं असेल तर एकाच प्लेटवर दोन्ही बघायला मिळतं.

जंतूंच्या द्रावाचा गढूळपणा ०.५ मॅकफर्लंडशी, म्हणजे ठरावीक गढूळपणाच्या प्रमाण नळीशी, जुळवायचा. डोळ्याने अंदाज नको. पांढऱ्या कार्डावर काळ्या रेघा ओढा, दोन्ही नळ्या त्यापुढे धरा आणि रेघा सारख्याच अंधूक दिसेपर्यंत सलाइन घाला. गढूळपणा जास्त झाला तर वर्तुळ लहान होतं आणि बिचारा संवेदनशील जंतू रेझिस्टंट ठरतो. मग त्यात बुडवलेला स्वॅब (कापसाची काडी) प्लेटवर तीन दिशांनी फिरवा आणि १५ मिनिटांच्या आत डिस्क ठेवा. ९० मिमीच्या प्लेटवर पाचपेक्षा जास्त नकोत. मग ३५ अंशांना १६ ते १८ तास. प्रत्येक खेपेला एटीसीसी २५९२२ हा ठरलेला ई. कोलाय सोबत लावायचा. त्याची वर्तुळं ठरलेल्या मर्यादेत नसतील तर त्या दिवसाच्या सगळ्या प्लेटी बाद.

कोलिस्टिन या प्रतिजैविकाची डिस्क वापरूच नका. तो रेणू मोठा आहे, अगारमध्ये नीट पसरत नाही. त्यासाठी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन, म्हणजे द्रव खाद्यात औषध टप्प्याटप्प्याने पातळ करत जंतू वाढतो का ते पाहणं, करावं लागतं.

अर्थ लावताना

स्यूडोमोनास एरुजिनोसा किंवा क्लेब्सिएला न्यूमोनिए अँपिसिलिनला जुमानत नाही, ही बातमी होत नाही. ते जन्मतःच तसे आहेत. म्हणून आधी जंतू ओळखा, मग त्याच्यासाठी अर्थपूर्ण औषधं निवडा. ओळख न पटवता "नदीत मल्टिड्रग रेझिस्टंट जिवाणू" लिहिणं म्हणजे माशाला पोहता येतं म्हणून त्याचा सत्कार करण्यासारखं आहे.

संवेदनशील-रेझिस्टंट ठरवायच्या मिलिमीटरच्या रेषा माणसाच्या उपचारासाठी आखलेल्या आहेत. मातीतल्या बॅसिलसला त्या लावून मिळालेल्या उत्तराचा अर्थ काय, हे स्वतःला विचारा. इस्पितळाच्या आकडेवारीशी तुलना करतानाही जपून. तिथे कल्चरला नमुना बऱ्याचदा तेव्हा जातो, जेव्हा पहिलं औषध लागू पडलेलं नसतं, म्हणजे आकडे आधीच रेझिस्टंटकडे झुकलेले. उलट, औषध सुरू केल्यावर घेतलेल्या रक्तात काहीच न उगवणं नेहमीचं आहे. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसच्या रुग्णाचं रक्त दुसऱ्याच दिवशी अँटिबॉडीसाठी तपासलं तर चाचणी नकारार्थी येऊ शकते, कारण अँटिबॉडी तयार व्हायलाच पाच-सात दिवस जातात.

पीसीआरने (डीएनएच्या एखाद्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो शोधायच्या पद्धतीने) जनुक सापडलं म्हणजे जिवंत जंतू सापडला, असंही नाही. मेलेल्याचा डीएनएही पट्टी देतो.

आता त्या मुलीकडे वळू. डिस्क संपल्या होत्या म्हणून तिने दुसऱ्या कॉलेजातून मागवल्या. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या, आणि प्लेटवर स्वॅब तर आदल्या संध्याकाळीच फिरवून झालेला! उन्हाळ्याची रात्र. सकाळपर्यंत सगळी प्लेट जंतूंनी भरून गेली होती आणि त्या तयार गालिच्यावर तिने डिस्क मांडल्या. वर्तुळ पडणार कुठून? कल्चर अजून फ्रिजमध्ये होतं, म्हणून तिला चाचणी परत लावायला सांगितलं: दोन प्लेटी, प्रत्येकीवर तीन डिस्क, आणि शेजारी कंट्रोल. दोन दिवसांनी फोटो आला. कंट्रोल मर्यादेत होता आणि पाच डिस्कभोवती ऐसपैस वर्तुळं पडली होती. सहावी अँपिसिलिनची होती, तेवढी कोरडी. खाली तिने लिहिलं होतं, "मॅडम, जंतू क्लेब्सिएला निघाला."