चायनीज पावडर घ्यायच्या आधी एवढं बघा

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (दोन्ही आतड्याला सूज येण्याचे जुनाट आजार) असला आणि कुणी व्हॉट्सअपवर चायनीज जडीबुटीची पावडर सुचवली तर आधी पुडीवर वनस्पतीचं नाव आहे का बघा, नसेल तर फुकट दिली तरी घेऊ नका. सगळ्यात जास्त नाव चिंग दाईचं, म्हणजे नीळच की ओ, सुताला रंगवायची, सोलापूरकरांना काय सांगायचं. तिच्यावर जपानमध्ये नीट ट्रायल झाली, 2018 ला छापून आली, रोज अर्धा ते 2 ग्रॅम, 8 आठवडे, आणि कोलायटिसवाल्यांना खरंच फरक पडला. पण 2016 लाच तिथल्या सरकारने इशारा दिलेला, काहींच्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचं प्रेशर वाढलं होतं, म्हणून दम लागायला लागला की लगेच बंद आणि डॉक्टर गाठा. लेई गोंग तेंग ही दुसरी चायनीज वनस्पती क्रोन्सवर देतात, मूल हवं असेल तर लांबच राहा.

चालू मेसालामाइन (आतड्याची सूज कमी करायचं डॉक्टरचं औषध) मनाने सोडू नका. पोटाच्या डॉक्टरला पुडी दाखवा, सुरू करायच्या आधी लिव्हरची टेस्ट आणि शौचाची कॅलप्रोटेक्टिन (आतड्यात सूज किती ते सांगणारी टेस्ट) करून ठेवा, नंतर ताडून बघता येतं. आणि त्रास वाढलेला असताना शेंगाचटणी जरा आवरा, मला जमत नाही ते सोडा.