मेल येतात, पण जात नाहीत: स्वतःचा मेल सर्व्हर असेल तर काय तपासावं

भोसरीतला कारखाना असो की टिळक रोडवरचं सीएंचं ऑफिस, मेल सर्व्हर स्वतःचा असला की ही तक्रार कधी ना कधी येतेच: मेल येताहेत, पण आउटलुक किंवा थंडरबर्डमधून पाठवलेला मेल आउटबॉक्समध्येच पडून आहे. तिकडे चाकणचा ग्राहक कोटेशनसाठी फोन करत असतो, आणि घाईघाईत कुणीतरी अकाउंट काढून पुन्हा टाकतं. तसं करू नका. आउटबॉक्समधले मेल पुसले जातात आणि बिघाड तिथेच राहतो. मेल वाचायला आयमॅप लागतं, पाठवायला एसएमटीपी. एक चालू आणि दुसरं बंद, असं सहज होतं.

आधी वेबमेलमधून मेल पाठवून बघा. वेबमेल बहुधा त्याच सर्व्हरवर चालतं. तिथून मेल गेला, तर सर्व्हरची बाहेर पाठवण्याची बाजू ठीक आहे; अडचण तुमच्या संगणकापासून सर्व्हरपर्यंतच्या टप्प्यात आहे. तिथूनही गेला नाही, तर सर्व्हरवरची रांग, म्हणजे मेल क्यू बघा. अडलेल्या प्रत्येक मेलखाली कारण लिहिलेलं असतं.

आता सर्व्हरवरचा मेल लॉग, म्हणजे मेलच्या नोंदींची फाइल उघडा, तो चालू ठेवा आणि शेजारच्या संगणकावरून ‘सेंड’ दाबायला सांगा. त्या क्षणी लॉगमध्ये एकही ओळ उमटली नाही, तर तुमची विनंती सर्व्हरपर्यंत पोचलेलीच नाही. मग पासवर्ड तपासण्यात वेळ घालवू नका, पोर्ट बघा, म्हणजे सर्व्हरशी ज्या क्रमांकावर जोडणी होते तो.

पोर्ट २५ हे सर्व्हरनं सर्व्हरशी बोलायचं. बऱ्याच इंटरनेट कंपन्या स्पॅम रोखण्यासाठी ते ग्राहकांना बंद ठेवतात, म्हणून मेल ॲपमध्ये २५ टाकूच नका. ५८७ घ्या आणि सुरक्षेत स्टार्ट-टीएलएस निवडा. किंवा ४६५ घ्या आणि एसएसएल/टीएलएस निवडा. जोडी चुकली तर गंमत अशी होते: ४६५ वर सर्व्हर एन्क्रिप्शन सुरू होण्याची वाट बघतो, ॲप सर्व्हरच्या स्वागताच्या ओळीची वाट बघतं, आणि दोघंही गप्प. शेवटी ‘टाइम आउट’ येतं आणि आपण नेटला दोष देतो.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर त्या पोर्टवर बहुधा कुणी ऐकतच नाहीये. मेल पाठवण्याचं काम सर्व्हरवर पोस्टफिक्स हा प्रोग्रॅम करत असेल, तर त्याच्या मास्टर डॉट सीएफ फाइलमध्ये ‘सबमिशन’ची (म्हणजे ५८७ ची) ओळ अनेकदा सुरुवातीलाच हॅश (#) लावून बंद ठेवलेली असते. हॅश काढा. तिच्याखालच्या हव्या त्या ओळीही उघडा, मात्र त्यांच्या सुरुवातीची मोकळी जागा ठेवा, नाहीतर पोस्टफिक्स त्यांना वेगळी नोंद समजेल. मग रीलोड करा. सर्व्हर क्लाउडवर असेल तर फायरवॉल दोन असतात: एक मशीनवर, एक क्लाउड कंपनीच्या पॅनेलमध्ये. दुसरी हमखास विसरली जाते.

लॉगमध्ये ५३५ हा एरर कोड दिसला, तर युजरनेम किंवा पासवर्ड चुकतोय. युजरनेम म्हणून पूर्ण मेल पत्ता लागतो का, तेही बघा. ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ म्हणजे लॉगिन झालेलंच नाही. आउटलुकमध्ये ‘आउटगोइंग सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागतं’ ही खूण करा. काही जण इथे सोपा मार्ग म्हणून ऑफिसचा आयपी पत्ता पोस्टफिक्सच्या ‘माय नेटवर्क्स’मध्ये, म्हणजे लॉगिनशिवाय मेल पाठवू देण्याच्या यादीत, टाकून मोकळे होतात. कृपया टाकू नका. साध्या ब्रॉडबँडचा पत्ता बदलत राहतो. उद्या तो दुसऱ्या कुणाकडे गेला की त्याला पासवर्डशिवाय तुमच्या सर्व्हरवरून मेल पाठवता येतील. एकदा सर्व्हर स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेला की बाहेर पडायला फार त्रास होतो.

सगळ्यात चकवणारा प्रकार म्हणजे मध्येच चालू, मध्येच बंद. सर्व्हरवर फेलटूबॅन (लॉगिन वारंवार चुकलं की तो आयपी पत्ता अडवणारा प्रोग्रॅम) लावलं असेल तर आधी तिथेच बघा. कुणीतरी पासवर्ड बदलतं, लॅपटॉपवर नवा टाकतं, फोनमध्ये जुनाच राहतो. फोन त्याच जुन्या पासवर्डनं पुन्हा पुन्हा लॉगिन करत राहतो. फेलटूबॅनच्या मूळ सेटिंगनुसार १० मिनिटांत ५ चुका झाल्या की तो पत्ता १० मिनिटं बंद. ऑफिसातले सगळे एकाच राउटरमागे, बाहेरून सगळ्यांचा पत्ता एकच. त्यामुळे एका फोनपायी अख्खं ऑफिस अडकतं. खरं तर तेव्हा येणारे मेलही बहुधा थांबलेले असतात, पण जुने मेल समोर दिसत असल्यानं ते कुणाच्या ध्यानात येत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मेल गेला आणि ऑफिसच्या वायफायवरून नाही गेला, तर संशय पक्का. बंदी उठवा, पण तो फोन शोधल्याशिवाय थांबू नका.

सर्व्हरच्या एसएसएल/टीएलएस प्रमाणपत्राची मुदतही बघा. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं साधं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. नवं आल्यावर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट (आयमॅप सांभाळणारा प्रोग्रॅम) दोन्ही रीलोड करा. ॲपमध्ये सर्व्हरचं नाव प्रमाणपत्रावर आहे तेच टाका, आयपी नको.

दुरुस्तीनंतरची चाचणी बाहेरच्या पत्त्यावरच घ्या, जीमेल चालेल. आपल्याच डोमेनवरच्या सहकाऱ्याला पाठवलेला मेल लॉगिन न होताही पोचू शकतो, आणि सगळं सुरळीत झाल्यासारखं वाटतं.