दक्षिण रोनची रेड वाइन: पेल्यातली तीन द्राक्षं कशी ओळखावीत

फ्रान्सच्या दक्षिणेला, रोन नदीकाठच्या आव्हिन्यों शहराच्या आसपासची रेड वाइन सहसा एकाच द्राक्षाची नसते. ग्रनाश, सिरा आणि मुर्वेद्र हा तिथला नेहमीचा मेळ. शातोनफ द्यु पाप या नावाजलेल्या गावात तर 13 जातींना परवानगी आहे, एकाच जातीचे वेगवेगळे रंग स्वतंत्र मोजले तर 18. पण या तीन ओळखता आल्या की निम्मं काम झालं.

बाटली. सुरुवात 'कोत द्यु रोन'पासून, म्हणजे या भागातल्या साध्या वाइनपासून करा. महागडी बाटली आधी घेतलीत तर तुलना करायला हाताशी काहीच नसतं. मिश्रणात कोणती द्राक्षं आहेत, हे मागच्या लेबलवर बऱ्याचदा लिहिलेलं असतं. ते चव घेऊन झाल्यावर वाचा.

तापमान. रेड वाइन 'रूम टेंपरेचरला' प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. आपल्याकडे बाटली तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे ती 16 ते 18 अंशांच्या जवळ येईल. या वाइनमध्ये अल्कोहोल 14 टक्क्यांच्या आसपास असतं. कोमट प्यायलात तर नाकाला त्याचाच भपका येईल.

रंग. पेला एक तृतीयांश भरून पांढऱ्या कागदावर तिरका धरा. रंग फिकट आणि कडेला विटकरी झाक असेल तर ग्रनाशचा वाटा मोठा असावा. गर्द जांभळा असेल तर सिराकडे बोट दाखवा.

वास. इथे मात्र घाई नको. पेला न हलवता आधी हुंगा. पिकलेली स्ट्रॉबेरी, मुरंब्यासारखा गोडसर गंध येतो, तो ग्रनाशचा. मग पेला गोल फिरवा आणि शेजारी काळ्या मिरीचे दोन दाणे ठेचून ठेवा. दोन्हींचा वास आलटून पालटून घ्या. सिरातला मिरीसारखा वास भास नव्हे: रोटंडोन नावाचा एकच घटक मिरीत आणि या द्राक्षाच्या सालीत असतो. नाशिकची शिराझ प्यायली असेल तर हे द्राक्ष ओळखीचंच आहे, कारण सिरा म्हणजेच शिराझ. त्यामागून चामडं, ओली माती, भाजलेलं मटण असं काही जाणवलं तर तो मुर्वेद्र. थाइम, रोझमेरीसारखा रानवास येतो त्याला तिथले लोक 'गारिग' म्हणतात. डोंगरउतारावरच्या सुगंधी झुडपांचं ते नाव.

चव. घोट तोंडात फिरवा. ग्रनाश मऊ आणि ऊबदार लागतं. हिरड्यांवर तुरटपणा रेंगाळला, तर तो बहुतेक मुर्वेद्र-सिराचा. मिश्रणामागचं कारण इथेच कळतं. ग्रनाशला भरपूर साखर चढते, पण हवा लागली की ते लवकर उतरतं. मुर्वेद्र जाड सालीचं, हवेला दाद न देणारं, पण उशिरा पिकणारं आणि उन्हाचं भुकेलं. मिस्त्राल हा कोरडा वारा वेली कोरड्या ठेवतो, तर शातोनफच्या काही मळ्यांतले गोल दगड दिवसाची उष्णता धरून ठेवतात. एका द्राक्षाची उणीव दुसरं भरून काढतं, म्हणून मला हा मेळ एकट्या द्राक्षाच्या वाइनपेक्षा जास्त आवडतो.

जेवण. झणझणीत तांबडा रस्सा टाळा. अल्कोहोलनं तिखट आणखी भडकतं. मिरी घातलेलं, कमी तिखटाचं सुकं मटण उत्तम.

उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. फळाचा गंध कमी झाला असेल, पण चामड्याचा वास बऱ्याचदा त्या दिवशीच नीट सापडतो.