व्हेंटिलेटरवरच्या बाळाच्या प्लेटलेट्स घसरल्या, आता काय? एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) नव्याने येणाऱ्यांसाठी

व्हेंटिलेटरवरच्या नवजात बाळाच्या प्लेटलेट्स दीड लाखाच्या खाली जाणं नेहमीचं आहे. म्हणून रिपोर्ट पाहताच रक्तपेढीला फोन लावू नका. आधी सॅम्पलवर शंका घ्या.

टाच पिळून काढलेल्या रक्तात बारीक गुठळ्या होतात, पेशी मोजणाऱ्या यंत्राला त्या प्लेटलेट्स म्हणून दिसतच नाहीत आणि आकडा खोटा कमी येतो. शिरेतून किंवा धमनीच्या लाइनमधून मोकळं वाहतं रक्त घ्या. जांभळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंतच भरा, लगेच आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करा, झटकू नका. मग स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थर) सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघा. पातळ टोकाकडे प्लेटलेट्सचे पुंजके दिसले, तर नवीन सॅम्पल.

आकडा खरा निघाला की बाळाचं वय तासांत मोजा. पहिल्या 72 तासांतल्या घसरणीमागे बहुधा आईचा वाढलेला रक्तदाब, गर्भात खुंटलेली वाढ किंवा जन्मतः गुदमरणं असतं. त्यानंतर एकाएकी घसरल्या, तर दुसरं सिद्ध होईपर्यंत सेप्सिस (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) किंवा एनईसी (आतड्याचा दाह होऊन ते सडणं) समजा: पोट तपासा, ब्लड कल्चर घ्या, अँटिबायोटिक लांबवू नका. इथे व्हेंटिलेटरला दोष देत बसलात, तर बाळाचे मोलाचे तास जातात.

व्हेंटिलेटरचा वाटा नाही असं नाही. जास्त दाब आणि जास्त ऑक्सिजन यांनी फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांचं अस्तर दुखावतं, प्लेटलेट्स तिथे चिकटून खर्च होतात. पण ज्याला व्हेंटिलेटर लागतो ते बाळ मुळातच आजारी असतं, त्यामुळे दोन्ही कारणं वेगळी काढणं अवघड. म्हणून चार्टवर प्रत्येक काउंटशेजारी पीआयपी (श्वास देतानाचा कमाल दाब), सरासरी दाब आणि एफआयओटू (दिलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) लिहा. टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात जाणारी हवा) किलोमागे 4 ते 6 मिली ठेवा, ब्लड गॅस (रक्तातल्या ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडची तपासणी) परवानगी देईल तसा दाब उतरवा.

प्लेटलेट्स कधी द्यायच्या? प्लॅनेट-2 चाचणीत (2019) 34 आठवड्यांआधी जन्मलेली 660 बाळं होती. 50 हजारांखाली जाताच प्लेटलेट्स दिलेल्या गटात मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव 26 टक्के, 25 हजारांपर्यंत थांबलेल्या गटात 19 टक्के. म्हणजे रक्तस्राव नसलेल्या अशा बाळात 50 हजारांना घाबरून पिशवी लावणं नुकसानच करू शकतं. रक्तस्राव किंवा शस्त्रक्रिया असेल, तर हिशेब वेगळा, सीनियरला विचारा.

डोस किलोमागे 10 ते 15 मिली; 900 ग्रॅमच्या बाळाला 15 च्या हिशेबाने 13.5 मिली. पिशवी 20 ते 24 अंशांवर हलती ठेवतात, वॉर्डच्या फ्रिजमध्ये कधीच ठेवू नका.