कॉट बेसिसवरची खोली सजवताय? आधी या चुका टाळा

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, कोथरूड, कर्वेनगर या भागांत जून ते ऑगस्ट एकच लगबग असते. प्रवेश झालेला असतो, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं ठरवून डिपॉझिट भरलेलं असतं, आईबाबा दोन बॅगा आणि बादली ठेवून गावी परतलेले असतात आणि समोर डाग पडलेल्या चार भिंती. मग मोबाइलवर रूम मेकओव्हरचे व्हिडिओ सुरू होतात आणि पहिल्याच आठवड्यात ऑर्डर सुटते: एलईडीची पट्टी, प्लास्टिकच्या वेली, विटांच्या नक्षीचा चिकट वॉलपेपर. गणपती येईपर्यंत पट्टी लोंबायला लागते आणि वॉलपेपरमागून कुबट वास येतो.

हौस असावीच. गडबड होते ती क्रमात. भिंत मालकांची, करार बहुतेक वेळा अकरा महिन्यांचा. त्यामुळे भिंतीवर घातलेला पैसा परत येत नाही, उलट जाताना डिपॉझिटमधून आणखी थोडा घेऊन जातो. माझा हिशोब साधा आहे: खोली सोडताना जे एका रिक्षात मावेल, त्यावरच खर्च करायचा.

भिंतीची परीक्षा न घेता चिकटवाचिकटवी

भाड्याच्या खोल्यांना बहुधा स्वस्तातला डिस्टेंपर असतो. भिंतीवरून तळहात फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर तिथे कुठलाच टेप नीट टिकणार नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप तर वस्तू पडताना रंगाचा पापुद्राही घेऊन येतो. विनाखिळ्याचे महागडे हुकही गुळगुळीत, पक्क्या रंगावरच धरतात, भुकटीवर नाही.

दुसरी परीक्षा ओलीची. पावसाळ्यात ती चुकवू नका. वीतभर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून एखाद्या कोपऱ्यात भिंतीवर बंद करा (दाराआड, म्हणजे टेपचा डाग दिसणार नाही). दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलं असेल, तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला असेल, तर खोलीतली हवा दमट आहे, खिडकी उघडी ठेवायला हवी. भिंतच ओली असेल, तर वॉलपेपर हा विषय संपला. त्याच्यामागे ओल कोंडते आणि बुरशी धरते. कपाट आणि कॉटही अशा भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. तिला चिकटलेली चादर आणि पुस्तकं दोन्ही वास मारतात.

टेप आधीच लावला असेल, तर ओरबाडू नका. हेअर ड्रायरने थोडं गरम करा आणि भिंतीला समांतर ठेवून सावकाश ओढा. पापुद्रा निघालाच, तर वॉल पुट्टी, पॉलिश पेपर आणि मालकांना सरळ सांगणं. स्वतः रंग आणून ठिगळ मारायला जाऊ नका. जुन्या भिंतीचा रंग उतरलेला असतो, नवा ठिपका लांबूनही ओळखू येतो. भिंतींचे फोटो मात्र राहायला आल्याच दिवशी काढून मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. आधीच्या मुलांनी मारलेले खिळे मग तुमच्या नावावर पडत नाहीत.

फोटो, पोस्टर, वेळापत्रक लावायचं कुठे? खोलीत लोखंडी कपाट असेल, तर त्याच्या दारावर चुंबक लावून सगळं चिकटतं. खिडकीच्या गजांना सुतळी बांधून चिमट्यांनी फोटो अडकवता येतात. किंवा फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा दुकानातून मागून आणा, त्यावर खणाचा नाहीतर जुन्या ओढणीचा तुकडा ताणून मागे स्टेपल करा आणि टेबलावर भिंतीला टेकवून ठेवा. थर्माकोलच्या वाटेला जाऊ नका. सजावटीचं थर्माकोल राज्याने 2018 च्या प्लास्टिकबंदीतच बाद केलंय.

ट्यूबलाइट एके ट्यूबलाइट

खोली उदास दिसते त्याचं निम्मं कारण छतावरची पांढरीफटक ट्यूब असते. लोक त्यावर उपाय म्हणून रंग बदलणारी पट्टी आणतात. मग खोली चार दिवस पानटपरीसारखी दिसते आणि पट्टी डिस्टेंपरवरून सुटते. पट्टी आणलीच असेल, तर ती कॉटच्या लोखंडी पट्टीच्या आतून किंवा टेबलाच्या मागच्या कडेला लावा. धातू आणि सनमायका आधी पुसून कोरडे करा. तिथे ती धरते, आणि दिवे डोळ्यांत न जाता फक्त उजेड दिसतो.

पण माझं मत विचाराल, तर पट्टीऐवजी 9 वॅटचा एक वॉर्म व्हाइट बल्ब घ्या. खोक्यावर 2700 किंवा 3000 केल्विन लिहिलेलं असतं. 6500 म्हणजे पुन्हा तोच ट्यूबचा पांढरा. थेट सॉकेटमध्ये बसणारा होल्डर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. नाहीतर वायरचा होल्डर घ्या आणि बुरुडाकडची विरळ विणीची बांबूची टोपली त्यावर उपडी घाला. संध्याकाळी ट्यूब बंद करून हा दिवा लावला की विणीच्या सावल्या भिंतभर पसरतात. डागही त्यातच लपतात, आणि भिंतीला टाचणीसुद्धा लागलेली नसते. एलईडी फार तापत नाही म्हणून हे चालतं, जुन्या पिवळ्या बल्बवर बांबू घालू नका.

अभ्यासाला मात्र हा दिवा पुरणार नाही. त्यासाठी वेगळा टेबललॅम्प हवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने तो डावीकडे ठेवावा, नाहीतर हाताची सावली वहीवर पडते.

टेबल आधी, विचार नंतर

स्पर्धा परीक्षांची कितीतरी मुलं दिवसभर अभ्यासिकेत असतात आणि खोलीवर फक्त झोपायला येतात. तरी पहिली खरेदी स्टडी टेबल! दोन महिन्यांत त्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग लागतो. आधी पंधरा दिवस राहा आणि तुम्ही खरंच बसता कुठे ते बघा. अभ्यासिका लावली असेल, तर टेबलाचे पैसे उशी, पडदा आणि कॉटखाली सरकणाऱ्या दोन पेट्यांवर घाला. कपडे डोळ्यांआड गेले की अर्धी सजावट झालीच. कापडी फोल्डिंग कपाट टाळा. जीन्स आणि स्वेटर भरले की त्याचे प्लास्टिकचे सांधे वाकतात.

खोलीवरच अभ्यास असेल, तर टेबल जुनं घ्या. रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा पेपर देऊन गावी निघालेल्या मुलांकडे चांगलं मिळतं. घेण्याआधी त्यावर दोन्ही कोपरं टेकून लिहून बघा. डगमगत असेल, तर सोडून द्या.

जुनी गादी

लाकूड, लोखंड, काच जुनं चालेल. गादी आणि उशी नाही. ढेकूण एकदा खोलीत आले की तुमचा सगळा वाचलेला पैसा पेस्ट कंट्रोलवाला घेऊन जातो. खोलीसोबत आधीचीच गादी मिळाली असेल, तर मोबाइलचा टॉर्च लावून शिवण उलगडून बघा: बॉलपेनाची शाई टिपल्यासारखे काळे ठिपके दिसले, तर मालकांना बोलवा. लोखंडी कॉटच्या सांध्यांत उकळतं पाणी ओततात ते उगीच नाही, ढेकूण उष्णतेने मरतात. पण गादी एक दिवस उन्हात टाकली म्हणजे आतपर्यंत तेवढी उष्णता पोचतेच असं नाही. ती बदलून घ्या. वरून घरची गोधडी किंवा सोलापुरी चादर टाकली की खोलीत रंगही येतो, वेगळं बेडकव्हर लागत नाही.

बाकी किरकोळ

पडदा आणायला तुळशीबागेत जाण्याआधी खिडकी टेपने मोजा, अंदाजाने आणलेला पडदा हमखास वीतभर कमी पडतो. चौकटीत फिरवून घट्ट बसणारी दांडी घ्या, ड्रिल लागत नाही. आईची जुनी सुती साडी वर नेफा शिवून घेतली, तर पडद्याचा खर्च शिलाईपुरताच.

मनी प्लँट बाटलीत लावा, पण पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण बदला आणि बाटली आतून घासा. डेंग्यूच्या डासांना तेवढं पाणी पुरतं.

साध्या 6 अँपिअरच्या एक्स्टेंशनवर दिवे, चार्जर, लॅपटॉप ठीक. पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड मात्र एकटाच साडेसहा अँपिअर ओढतो. त्यातच इंडक्शनही लावली, तर वायर गरम होते. अशी वायर सतरंजीखालून फिरवून लपवणं ही सजावट नव्हे, आगीला आमंत्रण आहे.

आणि रूम पार्टनरबरोबर कॉन्ट्रिब्युशन काढून वस्तू घेऊ नका. पडदा एकाने घ्यावा, दिवा दुसऱ्याने, आरसा तिसऱ्याने, आणि कोणी काय घेतलं ते ग्रुपवर लिहून ठेवावं. अकरा महिन्यांनी कोणी मुंबईला जाणार, कोणी घरी. तेव्हा निम्मा पडदा कोणाला नेता येत नाही.