चित्रांचे वेळापत्रक घरी वापरताना या चुका टाळा

ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना ऐकलेल्या सूचनेपेक्षा समोर दिसणारे चित्र अधिक समजते, कारण ते त्यांना हवे तितक्या वेळा पाहता येते. १९७२ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात सुरू झालेल्या, ऑटिझम असलेल्यांसाठीच्या ‘टीच’ (TEACCH) कार्यक्रमात चित्रांच्या वेळापत्रकांना, म्हणजे दिवसातली कामे क्रमाने चित्रांत दाखवणाऱ्या तक्त्यांना, महत्त्वाचे स्थान आहे. तरीही ‘तक्ता लावला, पण मूल त्याकडे बघतही नाही’ अशी पालकांची तक्रार असते, आणि त्याचे कारण बहुधा तक्त्यातच सापडते.

पहिली चूक चित्र निवडताना होते. इंटरनेटवरून काढलेल्या चित्रात टब आणि शॉवर असतो, घरी मात्र मूल न्हाणीत बादलीतले पाणी तांब्याने घेऊन आंघोळ करते. या दोन गोष्टी एकच आहेत हे त्याने कशावरून ओळखावे? आपल्याच बादलीचा, मागे पसारा न येऊ देता, मोबाईलवर फोटो काढावा. फोटोही उमगत नसेल, तर आंघोळीच्या वेळी तांब्याच त्याच्या हातात द्यावा. रेखाचित्रे आणि शब्द ही पुढची पायरी आहे.

पहिल्याच दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंतची सगळी चित्रे लावू नयेत. ‘आधी जेवण, मग झोका’ एवढी दोनच पुरेत. त्यांत मुलाच्या आवडीचे काहीतरी हवेच, नुसत्या कामांचा तक्ता त्याला नकोसाच होईल.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरी मराठी आणि अंगणवाडीत कन्नड कानावर पडते. चित्राखाली घरात बोलतो तोच शब्द लिहावा आणि तेच फोटो शिक्षिकेलाही द्यावेत, म्हणजे भाषा बदलली तरी खूण तीच राहते.

‘बघ, आता काय आहे? बघ ना!’ असे सतत म्हटल्याने मूल चित्राऐवजी आपल्या आवाजाची वाट पाहू लागते. त्याच्या मागे उभे राहून, न बोलता, त्याचा हात हलकेच चित्राकडे न्यावा आणि हा आधार हळूहळू कमी करावा. आजी-आजोबांनाही हे समजावून सांगावे.

सर्वांत जास्त गडबड बदलाच्या वेळी होते. खानापूर तालुक्यात जुलैच्या पावसात शाळेला अचानक सुट्टी जाहीर होते आणि तक्त्यावर शाळेचा फोटो तसाच असतो. तो गुपचूप काढू नये. मुलाच्या देखत त्यावर ‘बदल’ असे कार्ड लावावे, मग त्याच्याच हाताने फोटो काढून घरातल्या एखाद्या कामाचा लावावा. हे कार्ड आधी आनंदाच्या प्रसंगी वापरलेले असणे फार आवश्यक आहे, उदाहरणार्थ अभ्यासाऐवजी झोका. नाहीतर ते दिसताच मूल घाबरते. शनिवारी सकाळची शाळा असेल तर त्या दिवसाची पट्टी वेगळीच करावी.

रागाच्या भरात आवडीचे चित्र काढून घेणे ही मला सर्वांत घातक चूक वाटते. जे दाखवले ते घडते, या भरवशावरच मूल तक्त्याकडे येत असते. त्याला जमू लागले म्हणून तक्ता बंदही करू नये. भिंतीवरून खिशात मावणाऱ्या लहान पट्टीवर आणावा.

एवढे करूनही मूल रोज एकाच चित्रापाशी अडत असेल, तर त्या कामातच काय बोचते ते पाहावे: पाण्याचा गारवा, साबणाचा वास, मिक्सरचा आवाज. तेवढे बदलून पाहावे आणि कोणत्या चित्रापाशी, किती वाजता ते अडते हे लिहून थेरपिस्टना दाखवावे.