फंक्शन स्वतःलाच बोलवत सुटतंय? या चुका टाळा

माझा भाचा लातूरला मोंढ्यात आडतीवर बसतो, नुकताच पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायलाय. सोयाबीनच्या कट्ट्यांची वजनं टाकली की बेरीज दाखवणारा प्रोग्राम त्यानं लिहिला, दहा-बारा कट्टे टाकून बघितले, झकास चालला. मग जुन्या वहीतले 1200 कट्टे फाइलमधून दिले तर स्क्रीनभर लाल अक्षरं अन् शेवटी 'रिकर्शन एरर'. लगेच फोन, "मामा, कालपर्यंत तर चालत होता की!"

कोड बघितला तर एक कट्टा मोजला की फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, पुढच्या कट्ट्यासाठी स्वतःलाच बोलवत होतं, ह्यालाच रिकर्शन म्हणतात. नव्या पोरांना वाटतं की असं केलं म्हणजे प्रोग्राम परत वर जातो, पण तसं होत नाही, जुनं काम अर्धवटच राहतं अन् त्याच्यावर नवं चढतं, कट्ट्यांची थप्पी लागल्यासारखं, आणि पायथन ही थप्पी साधारण 1000 च्या पुढं जाऊ देत नाही.

मग पोरं नेटवर बघून ते लिमिटच वाढवतात. हे नका करू! एरर निदान कारण तरी सांगत होता, लिमिट लई वाढवलं तर काहीच न सांगता आख्खा प्रोग्राम बंद पडू शकतो.

दुसरी चूक लवकर सापडत नाही. वजन विचारणारं फंक्शन, कुणी आकड्याऐवजी 'पन्नास' टाकलं की ते स्वतःला परत बोलवतं, पण त्या ओळीत रिटर्न (उत्तर बाहेर पाठवणारा शब्द) लावायचं राहतं. दुसऱ्यांदा 50 बरोबर टाकलं तरी ते आतल्या फंक्शनपाशीच राहतं, बाहेर येतं 'नन', म्हणजे काहीच नाही, अन् ते आकड्यात मिळवता येत नाही म्हणून टाइप एरर दिसतो थेट बेरजेच्या ओळीवर, म्हणून पोरं तिथंच शोधत बसतात.

इथं व्हाइल ट्रू, म्हणजे थांबवेपर्यंत फिरत राहणारा लूप लावा. आत ट्राय (एरर पकडायला), आकडा निघाला की ब्रेक (लूप थांबवायला), आकडा नसल्याचा व्हॅल्यू एरर आला की 'आकडा टाका' असं दाखवायचं, लूप आपोआप परत विचारतो. कट्ट्यांसाठी साधा फॉर लूप बास आहे. फोल्डरात फोल्डर शोधायचे असतील तेव्हा रिकर्शन खुशाल वापरा, फक्त कुठं थांबायचं ती अट आधी लिहा.

भाच्यानं फॉर लूप लावला तरी बेरीज 50 च्या आसपासच येत होती. 'एकूण = 0' ही ओळ लूपच्या आत राहिली होती, त्यामुळं शेवटच्या कट्ट्याचंच वजन दिसत होतं. ती ओळ लूपच्या वर नेली अन् 1200 कट्टे वहीशी जुळले.